चहाला गेलेल्या गार्डची चौकी

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, देशाच्या राजधानीत भरलेल्या एका सरकारी रोजगार मेळाव्याच्या दारावरील चौकी एका निवृत्त हवालदाराने एकट्याने लढवली. शत्रू आला नव्हता. चौकी हवालदाराला चहाला निघालेल्या एका गार्डने दिली होती.

तो हवालदार मी.

पलटणीत माझी शेवटची वर्षं एमटीमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात गेली. निवृत्त झालो आणि दिल्ली कॅन्टचं क्वार्टर महिनाअखेरीस सोडायचा हुकूम आला. काम मिळालं तर भाड्याचं घर, नाहीतर सामान बांधून गाव. मुलगी बारावीत. तिने परिस्थितीचा आढावा एका वाक्यात दिला. "बाबा, बोर्डाच्या आधी स्कूल चेंज म्हणजे मेरा तो हो गया."

रोजगार केंद्रात दामले मॅडम भेटल्या. मूळच्या पुण्याच्या, राहायला आर. के. पुरमला. त्यांनी माझे कागद वाचले.

"एमटी हवालदार म्हणजे काय, हे बाहेर कोणाला कळणार? गाड्या, ड्रायव्हर, डिझेल, रस्ते, सगळं तुम्हीच बघत होतात ना?"

"हो मॅडम."

"मग तुम्ही ट्रान्सपोर्ट सुपरवायझर."

बसल्या खुर्चीत माझी बढती झाली. मग मुलाखतीचा सराव. मी आत आलो, सॅल्यूट ठोकला, सावधान उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बसा." मी म्हणालो, "ठीक आहे मॅडम," आणि उभाच राहिलो. "अहो, खरंच बसा." पाठ टेकून बसायला मला आठवडा लागला. मग त्यांनी माझं नाव गुरुग्रामच्या एका कंपनीला पाठवलं. कर्मचाऱ्यांच्या कॅब सांभाळायचं काम होतं. मुलाखत मेळाव्यातच होणार होती.

मेळावा मयूर विहारच्या एका सभागृहात होता. त्या सकाळी तिथे असं धुकं होतं की मेट्रोचा पूल अर्ध्यातच संपत होता. सभागृहात माणसांबरोबर धुकंही शिरलं. ट्यूबलाइटभोवती कापूस पिंजल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. दारावरचा गार्ड मला म्हणाला, "अंकल, दो मिनट देखना," आणि धुक्यात विरघळला.

मी दार ताब्यात घेतलं. गर्दी वाढत होती, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. मी आवाज लावला. "एक लाइन. फाइल डाव्या हातात. धक्का नाही." इंजिनिअर, प्लंबर, एमबीए, सगळे लाइनीत आले. एका पोराने तर सावधान होऊन विचारलं, "सर, अंदर जाऊँ?" खोटं का बोलू, मला मजा येत होती.

माइकवर माझं नाव पुकारलं गेलं. मी ऐकलं. गार्ड आला नव्हता. पुन्हा पुकारलं. मी जागचा हललो नाही.

दामले मॅडम धावत आल्या. "साहेब, ते लोक टेबल आवरताहेत. तुम्ही इथे काय करताय?"

"रिलीफ आला नाही, मॅडम."

"कसला रिलीफ? नोकरी जाईल हो."

मला दिसत होतं ते सगळं. घर दिसत होतं, मुलगी दिसत होती. पण बाहेरचं धुकं पायऱ्या चढून माझ्या बुटांपर्यंत आलं होतं. मी ते ओळखलं. तेच होतं.

मी मॅडमना थोडक्यात सांगितलं. मी लान्स नाईक होतो तेव्हाची गोष्ट. वरच्या पोस्टवर माझा दोस्त साळुंखे होता. साताऱ्याचा, झोपेतही हसणारा. मी त्याचा रिलीफ होतो, म्हणजे त्याच्या जागी पहाऱ्यावर उभा राहणार होतो. मी निघालो आणि धुकं उतरलं. कंपनी कमांडरचा हुकूम आला, थांबा. मी रेडिओवर साळुंखेला कळवलं, "उशीर होईल. ओव्हर."

"सावकाश या. मी कुठे जातोय? ओव्हर."

थोड्या वेळाने डोंगर गडगडला. धुकं उठलं तेव्हा पोस्टच्या जागी फक्त बर्फाचा पांढरा उतार होता. खूप खणलं. साळुंखे सापडला नाही.

मॅडमनी चष्मा पुसला. मग साडीचा पदर खोचला आणि दाराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"मी आले. रिलीफ. काय सांगायचं असतं मला?"

"लाइन एक. धक्का नाही. बाकी सब ठीक, मॅडम."

"ठीक. जा आता."

कंपनीचे डिसूझा साहेब मुंबईचे. बॅग खांद्याला लावून ते निघालेच होते. म्हणाले, "नाव पुकारून दमलो आम्ही. कुठे होता?"

"दारावर, सर."

"ती लाइन तुम्ही लावलीत?" त्यांनी बॅग खाली ठेवली. "बसा."

मी बसलो. पाठ टेकली. त्यांनी विचारलं, धुक्यात पंधरा कॅब अडकल्या तर काय कराल. मी सांगितलं. ड्रायव्हर झोपाळलेला दिसला तर? तेही सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून, रेडिओवरून आल्यासारखा ऐकू येत होता. समोर दार होतं. दारात पांढरं धुकं, आणि त्यात कोणीतरी ताठ उभं होतं. मॅडमच असणार.

डिसूझा साहेबांनी पेन बंद केलं, हसले. "काम तुमचं. कधीपासून येऊ शकता?"

आणि मी, दाराकडे बघत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलून गेलो, "साळुंखे खाली उतरला की लगेच, सर."