तिने पाहिलेली लाट

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून ठेवलेला, आणि त्यावर कुठल्याशा दूरदेशीच्या किनाऱ्यावरची सांघिक स्पर्धा चाललेली होती; लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं, फळीवरून पाणी कापत जायचं, अशी. आधी उद्घाटन दाखवलं. देशोदेशींचे संघ एकेक करून पुढे येत होते आणि आपापल्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू काचेच्या एका पेटीत ओतत होते. पांढरी, पिवळी, करडी, थरावर थर. मग शर्यत सुरू झाली. एकीने पाण्यातल्या खुणेला वळसा घालून यायचं, संघातल्या दुसरीच्या हातावर हात ठेवायचा, की दुसरी निघाली. एक मुलगी फळीवर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत किनाऱ्याकडे येत होती. ती फळीवरून उतरली तेव्हा तिचे गुडघे जवळून दिसले. सोलवटलेले, लालबुंद. माझा हात आपसूक माझ्या गुडघ्यावर गेला. आणि छातीत, अगदी आत, काहीतरी बारीकसं खुपलं. या वयात ते खुपायला नको होतं. पण मत्सर माणसाचं वय विचारून येत नाही, आणि हा तर माझा जुना, घरातलाच झालेला मत्सर.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही कोलशेतचे, खाडीचे कोळी. घराच्या मागच्या दारातून चार पावलं चाललं की तिवरांची झाडी, आणि तिच्यापलीकडे भरतीला रुंद होणारं, ओहोटीला चिखल उघडा टाकून मागे सरणारं पाणी. एका अंगाला कारखान्यांच्या भिंती उठल्या होत्या, पाण्याला कधीकधी औषधासारखा वास यायचा, वडिलांच्या जाळ्यात मासळी कमी आणि कचरा जास्त यायला लागला होता. तरी खाडी आमची होती. मी ठाण्याला कॉलेजात जाणारी आमच्या आळीतली पहिली मुलगी. पण पाण्यात उतरल्यावर मला कुणी काही शिकवावं लागत नसे.

त्या सुमारास नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कोलशेतला राहायला आले. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. परदेशी बंदरांवर त्यांनी फळ्यांच्या शर्यती पाहिल्या होत्या, आणि आपल्याकडच्या मुलींचा असा एक संघ उभा करायचा हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. एका सुताराकडून त्यांनी प्लायवूडच्या लांबट, आतून पोकळ फळ्या करून घेतल्या. फळीवर गुडघे टेकायचे आणि हातांनी वल्हवायचं. एका परदेशी किनाऱ्यावर चौघींच्या संघांची स्पर्धा भरायची, तिथलं आमंत्रण त्यांनी जुन्या ओळखीतून मिळवलं होतं. चौघी जाणार, पाचवी राखीव म्हणून इथेच राहणार. पहिली जी मुलगी फळीवर बसली ती मी. सर बाबांना म्हणाले, "हिला घेतल्याशिवाय संघ होणार नाही." बाबांनी नुसती मान हलवली. ते तसे कमी बोलायचे, माझ्याशी तर फारच कमी.

आणि तिला तिथे मीच आणलं.

ती माझ्या वर्गातली. डोंबिवलीची. वडील तिथल्या रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर, मूळ गाव देशावर कुठेतरी, जिथे नदीलासुद्धा वर्षातले काही महिनेच पाणी. पोहणं ती सुट्टीत मावशीकडे शिकलेली, तेही डोकं पाण्याबाहेर काढून. मी कॉलेजात फळ्यांच्या गोष्टी सांगायचे, जरा वाढवूनच, आणि ती डोळे मोठे करून ऐकायची. एके दिवशी म्हणाली, "मला बघायला तरी ने ना." मी नेलं. मला खरं तर प्रेक्षक हवा होता. त्या दिवशी ओहोटी होती. माझ्यामागून येताना ती पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतली, चप्पल आत राहिली, आणि ती घाबरून रडेल असं वाटलं तर हसत सुटली. "अगं, ही खाडी मला सोडत नाहीये," म्हणाली. मीही हसले. तेव्हा मला ते वाक्य फक्त गमतीचं वाटलं.

पुढच्या रविवारी ती आपणहून आली. मग प्रत्येक रविवारी, मग आठवड्यातही अधूनमधून. डोंबिवलीहून गाडी, ठाण्याहून बस, आणि पिशवीत जादा कपडे. सुरुवातीला फळी तिच्याखालून सारखी निसटायची. सर ओरडायचे, ती पुन्हा चढायची. तिच्या अंगात एक विचित्र गोष्ट होती, तिला पडण्याची लाज वाटत नसे. मला वाटायची. खाडीवर जन्मलेल्या मुलीने पडायचं म्हणजे काय, लोक बघतात. त्यामुळे मी जे येत होतं तेच सुबकपणे करत राहिले, आणि ती पडत पडत पुढे सरकली. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसत होतं, म्हणूनच मला रविवार नकोसे वाटायला लागले.

फळीने आम्हां सगळ्यांचेच गुडघे सोलून निघायचे. ती आमच्याकडे थांबली की आई हळद घातलेलं खोबरेल कोमट करून आणायची. आधी तिच्या गुडघ्यांना. "परक्याची पोर हाय, तिचे आईला काय वाटंल," असं पुटपुटत. मग वाटीत उरलेलं मला. मी म्हणायचे, माझं मी लावते. आईला ते समजूतदारपणाचं वाटायचं. माझी मैत्रीण भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची, आणि मला तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांचाही राग यायचा. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती डबा उघडला की पहिला घास मला द्यायची.

निवडीचा दिवस आला तेव्हा तीन जागा जवळपास ठरल्या होत्या. चौथीसाठी आम्ही दोघी. तिवरांच्या टोकापासून निघायचं, खाडीत उभ्या केलेल्या बांबूला वळसा घालून परत यायचं. आळीतली बरीच माणसं काठावर आली होती, बाबाही होते, होडीच्या कडेवर बसलेले. पाणी उतरत होतं. जाताना ते पाठीशी होतं, येताना अंगावर येणार होतं. मी काठाच्या आश्रयाने परत यायचं ठरवलं होतं, तिथे ओढ कमी असते. बांबूपर्यंत मी पुढे होते. वळसा घेतला, काठाकडे वळले, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला पाहिलं. ती सरळ मधल्या धारेतून येत होती. मला मनातल्या मनात हसू आलं, आता थकेल म्हणून. पण ती थकली नाही. तिचे हात एका लयीत पाण्यात जात होते आणि बाहेर येत होते, मान खाली, कुणाकडे बघणं नाही. मी वाट वाकडी केली तेवढं अंतर तिने सरळ येऊन खाल्लं. काठाला ती माझ्या जरा आधी लागली. जराच, पण वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे आले. "तू राखीव," म्हणाले. "तुझा हात सुंदर आहे. पण तिला जास्त हवं होतं."

ते चूक होतं. मलाही हवं होतं. माझं हवं असणं दिसत नव्हतं, एवढंच.

कपडे बदलताना मी तिला विचारलं, "धारेतून यायचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही गं. शहाडला मावशीकडे जाते ना, तिथे उल्हास नदीत करते मी. मावसभावाच्या ट्यूबवर पालथी पडून, उलट्या पाण्यात. रोज कॉलेज सुटल्यावर." मग जरा बिचकून, "तुला सांगणार होते. तू हसशील असं वाटलं."

शहाडचं ते पाणीच तर कल्याणवरून, डोंबिवलीच्या पाठीमागून वाहत खाली आमच्या खाडीत येतं. मी ज्याला माझं म्हणत होते त्याच पाण्याशी ती वरच्या अंगाला रोज झगडत होती, आणि मला पत्ता नव्हता. मी हसले नाही. "बरं केलंस," म्हणाले. ते दोन शब्द उच्चारायला मला त्या बांबूला वळसा घालण्यापेक्षा जास्त जोर लावावा लागला.

निघण्याआधीचे आठवडे मी तिच्या जोडीने सराव केला, कारण राखीव खेळाडूचं ते कामच होतं. ती पुढे, मी मागे. तिची पाठ मला इतकी पाठ झाली की आजही डोळे मिटले तर तिच्या डाव्या खांद्यावरचा तीळ दिसतो. त्या दिवसांत मला अनेकदा वाटून गेलं की तिला ताप यावा, तिचा पासपोर्ट अडावा, तिच्या आईने नाही म्हणावं. काहीच झालं नाही. मी तिला विमानतळावर पोचवायला गेले, हसले, हात हलवला, आणि परत येताना बसच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले, म्हणजे डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने आलं असं म्हणता आलं असतं. कुणी विचारलं नाही.

संघ शेवटून दुसरा आला. ही बातमी कळली तेव्हा मला जो दिलासा वाटला तो फार काळ टिकला नाही, कारण ती परतली तीच मुळी उजळून. नाकाची साल गेलेली, आवाज बसलेला. परतल्यावर लगेच ती आमच्याकडे आली. शर्यतीबद्दल दोन वाक्यांत बोलली आणि मग सांगू लागली ते वेगळंच. स्पर्धा संपल्यावर तिथल्या एका मुलीने तिला आपली फळी दिली होती, उभं राहायची, आणि खऱ्या समुद्राच्या लाटेवर ती उभी राहिली होती. एकदाच.

बाबा दारात जाळं सांधत बसले होते. त्यांचा हात थांबला. "उबी रायली? लाटंवर?"

"हो काका. थोडाच वेळ."

"पायाखाली कशी लागतं गो लाट?"

बाबांनी जन्मभर पाणी पाहिलं होतं, पण ते खाडीचं, चढणारं आणि उतरणारं. तिने तळहात हवेत तिरका धरला. मग हळूहळू म्हणाली, "काका, ती आपल्याला उचलून नेते असं वाटतं ना लांबून? तसं नसतं. आपण पडतच असतो. सारखे पडत असतो, पण खाली पोचत नाही."

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. मग विचारत गेले. आवाज कसा येतो, पाणी मागून ढकलतं की खालून, उतरायचं कसं. ती सांगत होती, हातवारे करून, आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात उभी होते. माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी मला इतके प्रश्न विचारले नव्हते. स्पर्धेतली जागा तिने घेतली ती मी कशीबशी गिळली होती. हे गिळता येईना.

ती गेल्यावर बाबांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गेली असतीस तं बरा झाला असता. तुला रोज इचारला असता."

ते माझ्यासाठी होतं, प्रेमाचं होतं, हे मला कळलं. पण त्याने मत्सर कमी झाला नाही. उलट काय गेलं त्याचा आकार तेव्हा कुठे नीट कळला.

पुढे सरांची तब्येत ढासळली, फळ्या कुजल्या, आम्ही सगळ्या पांगलो. मी शिक्षिका झाले. ती बँकेत लागली, डोंबिवलीतच लग्न झालं, आणि पाण्यात पुन्हा कधी उतरली नाही, असं ऐकू यायचं. भेट झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका लग्नाच्या पंगतीत. दोघी शेजारी बसलो. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बोलता बोलता मी लाटेची आठवण काढली. ती कोशिंबीर वाढून घेता घेता थांबली.

"मी असं म्हणाले होते? पडत असतो, पण पोचत नाही?"

"बाबांना सांगितलंस तू. ओट्यावर बसून."

"काका आठवतात. तेल आठवतं काकूंचं. पण लाट... अगं, मला फक्त थंडी आठवते तिथली. आणि पहिल्या दिवशी घरच्या आठवणीने रडले ते." ती मोकळेपणाने हसली. "सांग ना, अजून काय सांगितलं होतं मी?"

मग मी तिला सांगितलं. आवाज कसा येतो, पाणी कुठून ढकलतं, उतरताना गुडघे कसे वाकवायचे. सगळं, जसंच्या तसं. ती मान कलती करून ऐकत राहिली, कुणा तिसऱ्याच बाईची हकीकत ऐकावी तशी, आणि शेवटी म्हणाली, "छान होतं गं." मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती उठून गेली.

मी त्या भेटीचा पुष्कळ विचार केला आहे. मायेने जपलेल्या गोष्टी काळ हळूहळू गोड करत नेतो. त्यांच्या कडा झिजतात, आणि एके दिवशी त्या हातात असूनही जाणवेनाशा होतात. मत्सराने जपलेल्या गोष्टीला काळ हात लावत नाही. माझ्यापाशी ती लाट अजून तशीच आहे, ओली आणि धारदार, जिच्यावर मी कधी उभी राहिले नाही अशी. तिच्यापाशी नाही. तिने एकदाच ती घेतली, पुरेपूर घेतली आणि सोडून दिली, जेवून उठावं तसं. पूर्वी मला तिच्या मिळवण्याचा हेवा वाटायचा. आता वाटतो तो इतकं सहज विसरता येण्याचा.