नाक्यावरचे कारागीर आणि आमची गच्ची

सोसायटीचं सेक्रेटरीपद वर्षभर सांभाळलं की ठराव विसरायला होतात, किस्से मात्र विसरता येत नाहीत. आमच्याकडे कोणी चहाला आलं की बाबा म्हणतात, "तो टाकीचा सांग ना!" टाकीचा सुरू केला की आई म्हणते, "आधी नाक्याचा!" मग एकामागून एक निघतच राहतात. म्हणून आज सगळे एकदमच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा प्लेगनंतर सुरत झाडूनपुसून लख्ख होत होती. मी कलकत्त्याला सहा वर्षं शिकून तिथल्या पांडेसऱ्याला आई-बाबांकडे परत आले होते. डोक्यात एकच गोष्ट पक्की होती : जो हाताने काम करतो त्याला काम थेट मिळालं पाहिजे, मधला माणूस नको. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला मी हे उभं राहून सांगितलं, आणि उभं राहिल्यामुळे सेक्रेटरी झाले!

विरोध एकट्या कुलकर्णी काकांचा. बँकेत अधिकारी, राहायला वरच्या मजल्यावर, आणि गच्ची गळायची ती नेमकी त्यांच्या हॉलमध्ये. "माधवी, कंपनीला काम दे. कंपनीला लेटरहेड असतं!"

शेवटी असं ठरलं की वर्षभर बारीकसारीक कामं माझ्या माणसांकडून करून घ्यायची. ती जमली तर गच्चीही त्यांनाच. पण गच्ची फसली, तर मी राजीनामा द्यायचा आणि यापुढे सोसायटीचं प्रत्येक काम कंपनीकडे.

"मंजूर!" मी म्हटलं. आई कपाळाला हात लावून बसली.

*

कारागीर कुठे मिळतात, हेच मला ठाऊक नव्हतं. चहावाल्याने सांगितलं, सकाळी आठला नाक्यावर जा. मी गेले. कडक इस्त्रीचा ड्रेस, हातात फाईल, खिशाला पेन. नाक्यावर पन्नासेक माणसं थापी, करवत, डबे घेऊन उभी. मी फाईल उघडून पेन काढलं मात्र, मिनिटभरात अख्खा नाका रिकामा! दंड करणारी कोणी सरकारी बाई आली, असंच सगळ्यांना वाटलं.

एकच माणूस जागचा हलला नव्हता. धुळ्याकडचा गवंडी, हिंमतभाऊ. मला भरून आलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही नाही घाबरलात?"

"घाबरनू ना ताई! पन चहा गरम व्हता."

*

पहिलं काम प्लंबिंगचं. मी हिंदीत चौदा कलमांचा करार तयार केला होता. कारागिराच्या हक्कांची नऊ कलमं, ती लिहिताना मी स्वतःच भारावून गेले होते. नानूभाई प्लंबर चष्मा लावून सगळा करार वाचत बसला. नवव्या कलमापाशी अडला. "ठेकेदाराने आपल्या कामगारांना पिण्याचं स्वच्छ पाणी द्यावं," असं ते कलम.

"बेन, ठेकेदार मैं. कामगार भी मैं. तो मैं मेरे को पानी पिलाऊं?"

मी तिथल्या तिथे खोडून लिहिलं, पाणी सोसायटी देईल. नानूभाईने पुन्हा वाचलं, मान डोलावली आणि पेन खाली ठेवलं.

"तो पहले पानी मंगाव. पछी सही!"

*

जिन्याच्या रंगासाठी तीन रंगाऱ्यांची कोटेशन्स आली. कुलकर्णी काकांचा निम्मा जन्म सह्या पडताळण्यात गेलेला. त्यांनी तिन्ही कागद ट्यूबलाइटखाली धरले आणि विजयी आवाजात म्हणाले, "तिन्हींचं अक्षर एकच! ही मिलीभगत आहे!"

मीटिंगमध्ये गोंधळ. माझं तोंड एवढंसं झालं. तिघा रंगाऱ्यांना बोलावून घेतलं. त्यातला सगळ्यात म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्हाला लिहिता येत नाही. कोपऱ्यावर एसटीडीवाला आहे ना, तो सगळ्यांना लिहून देतो."

"कशावरून?" काका गरजले.

म्हाताऱ्याने नोटीस बोर्डाकडे बोट केलं. तिथे कोटेशन मागवणारी आमचीच गुजराती नोटीस लावलेली होती. मला गुजराती लिहिता येत नाही, म्हणून मीही ती एसटीडीवाल्याकडूनच लिहून आणली होती!

काकांनी ती ट्यूबलाइटखाली धरली नाही.

*

आता टाकीचा. वरची पाण्याची टाकी साफ करायला बमरोलीची कमलबाई आली. कासोटा घातलेली, डोक्याला फडकं, सोबत तिची जाऊ. कमिटीतला एक जण म्हणाला, "बाया टाकीत उतरणार? जमेल का?"

कमलबाई उतरली. दोन तासांनी बाहेर आली आणि तिने टाकीतून निघालेल्या वस्तू कठड्यावर ओळीने मांडल्या. चार चेंडू, एक दाढीचा ब्रश, एक चप्पल, पतंगाची फिरकी आणि कोणाची तरी अख्खी कवळी! मग तिने जिन्यातून खाली आवाज दिला, "ज्याचं त्याचं घेऊन जा हो!"

सगळी सोसायटी गच्चीवर आली. सगळ्यांनी त्या वस्तू पाहिल्या. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण तेच पाणी सगळेच प्यायले होते. "ही चप्पल कोणाची?" एकही हात वर झाला नाही.

"दर तीन महिन्यांनी कमलबाईंना बोलवायचं, मंजूर?" मी विचारलं.

एकूण एक हात वर! जमेल का म्हणणाऱ्याचे तर दोन्ही.

*

अशी सगळी कामं पार पडली आणि उन्हाळ्यात गच्ची हिंमतभाऊच्या हाती आली. त्याने जुना थर उखडला, भेगा भरल्या, कोपरे गोल केले, वर फुटक्या टाइल्सचे पांढरे तुकडे बसवले. मग कडेने आळं घालून गच्चीत वीतभर पाणी कोंडलं. तीन दिवस ते तसंच ठेवायचं, खाली एक थेंब उतरता कामा नये. हीच परीक्षा.

"एक थेंब पडना, तं मी थापी सोडी दिसू," हिंमतभाऊ म्हणाला आणि काकांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसला. तीन दिवस रोज सकाळी येऊन तो तसाच बसायचा. त्याची रीतच ती. पाणी वर असेपर्यंत गवंडी खाली.

काकांनी हॉलभर भांडी मांडली. पातेली, कढया, परात, डबे, कुकरसुद्धा. काकू दोन दिवस शेजाऱ्यांच्या पातेल्यात खिचडी करत होत्या. शिवाय काकांनी पंखा बंद केला. "पंख्याच्या वाऱ्याने ओल सुकते आणि कळत नाही. मला फसवता येणार नाही!"

तिसरा दिवस रविवारचा. भर दुपारी अख्खी कमिटी त्या बंद हॉलमध्ये घामाघूम होऊन छताकडे बघत बसलेली. राजीनाम्याचा कागद घडी करून माझ्या पर्समध्ये. हिंमतभाऊ डोळे मिटून. पाच वाजता मुदत संपणार होती.

पावणेपाचला काका उठले. एकेका भांड्यावर वाकून, चष्मा सावरत, आत बोट फिरवून बघू लागले. पातेली कोरडी. कढया कोरड्या. शेवटी मधल्या मोठ्या परातीवर ते अगदी ओणवे झाले.

टप्!

परातीच्या मधोमध टपोरा थेंब.

"पडला!" काका ओरडले. "पडला की नाही? सगळ्यांनी पाहिलं!"

टप्! दुसरा.

माझा हात पर्समध्ये गेला. हिंमतभाऊने डोळे उघडले. छताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सावकाश उठला, परातीपाशी आला, खांद्यावरचा गमछा काढला आणि काकांपुढे धरला.

"साहेब, तोंड पुसा."