हाफटाइमनंतरची ट्राय

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका, फक्त तोंडातला चहा आधी गिळून घ्या.

मी मूळचा कबड्डीचा पंच. सक्करदऱ्याच्या शाळेत पीटी शिकवतो. रग्बी आमच्याकडे आली तेव्हा शिट्टी माझ्या गळ्यात होती, म्हणून तिचाही पंच मीच झालो. परवा कॉलेजच्या मुलींची फायनल होती, हुडकेश्वर विरुद्ध लकडगंज. जिंकेल ती टीम राज्य स्पर्धेला जाणार.

आदल्या दिवशी आयोजक ढवळे सरांनी बोलावलं.

"या खेपेले नवा नियम करून पाहू. चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, पाच गुण. पण तो पळ आपल्याच अर्ध्या ग्राउंडातून सुरू झाला असंल, तर नऊ. पोरी लांबून पळतीन, लोकाईले मजा येईन. जमते न गा तुले?"

"जमते म्हणजे काय? त्यात कठीण काय आहे?"

मी लगेच खूण ठरवली. ग्राउंडच्या एका टोकाला कडुनिंब, दुसऱ्या टोकाला पाण्याचा टँकर. कडुनिंबाची बाजू लकडगंजची, टँकरची हुडकेश्वरची. डोक्याला ताप नाही.

पहिल्या हाफमध्ये दोन्ही टीमची एकेक साधी ट्राय झाली, ट्रायनंतरच्या जादा गुणांच्या किका हुकल्या. पाच-पाच.

हाफटाइमनंतर हुडकेश्वरची कॅप्टन प्राजक्ता चेंडू घेऊन जी कडुनिंबापासून सुटली, ती थेट टँकरपाशी जाऊन पडली. अख्खं ग्राउंड ओरडत होतं. मी मात्र शांत. सुरुवात कुठून? कडुनिंबापासून. म्हणजे लकडगंजच्या बाजूतून. मी पाच बोटं दाखवली.

तुम्ही म्हणाल, मग पोरगी टँकरकडे, स्वतःच्याच बाजूला, ट्राय करायला का धावली? हे मला तेव्हा सुचलं असतं तर आज सांगायला काही उरलंच नसतं.

प्राजक्ता धापा टाकत आली. "सर, पाचच काहून? मी तर पार तिकून पळत आली न."

"नवा नियम आहे वं. तुले नाही समजणार. चाल, खेळ."

बिचारी गेली. थोड्या वेळानं लकडगंजच्या पोरींनी अगदी कडुनिंबाजवळ चेंडू हिसकावला आणि चार पावलांवर टेकवला. मी ऐटीत नऊ बोटं वर केली. त्यांच्याच लोकांनी टाळ्या वाजवताना एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, यांना नियम माहीत नाही.

किका याही वेळी हुकल्या. मी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा लकडगंज चौदा, हुडकेश्वर दहा. हुडकेश्वरच्या पोरी तिथेच मातीत बसल्या. एक तर जर्सीत तोंड खुपसून रडत होती.

बक्षिसासाठी नाव पुकारलं, तर लकडगंजची कॅप्टन सोनल स्टेजकडे न जाता माझ्याकडे आली.

"सर, आमची शेवटची ट्राय त्यांच्या रेषेजवळूनच सुरू झाली होती. नऊ कसे दिले?"

"कडुनिंबाकडून सुरू झाली न? तुमचीच बाजू ती."

"हाफटाइमपर्यंत होती, सर. मग आम्ही बाजू बदलली. झाड तिथंच राहिलं."

माझे कान गरम झाले. मनात हिशेब केला, तर आकडे बरोबर उलटे. हुडकेश्वर चौदा, लकडगंज दहा.

मी हळूच विचारलं, "हे दुरुस्त केलं तर तुम्ही हारता. माहीत आहे न?"

"हो सर. आमच्या पोरी रागावून राहिल्या माझ्यावर. पण आमची प्रॅक्टिस एकाच ग्राउंडवर असते. प्राजक्ताले कोणतं तोंड दाखवू?"

मी ढवळे सरांच्या हातून माइक घेतला आणि सगळ्यांसमोर चूक सांगून टाकली. मग प्राजक्ताकडे गेलो. "मघाशी तुले नाही समजणार म्हटलं मी. समजलं मलेच नव्हतं. माफ कर, बेटा."

"जाऊ द्या न, सर," ती म्हणाली आणि धावत जाऊन सोनलच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या.

वातावरण सावरायला ढवळे सरांनी माइक प्राजक्तापुढे धरला. "बरं, नवा नियम कसा वाटला ते तर सांग."

तिनं डोळे पुसले. "नियम मस्त आहे, सर. फक्त हाफटाइमले आम्ही बाजू बदलतो, हे पंच सरांले बी कोणी सांगत जा."