पुंगळ्या झेलायची पिशवी

बाबा सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले की पहिल्या आठवड्यातच गप्प होतात. जेवलात का? जेवलो. झोप लागली का? लागली. पण रविवारी सकाळी टेक्सासहून माझ्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला, की हाच माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

यंदा विषय होता पुंगळ्यांचा. धाकटा तिथे रायफल शूटिंगला जातो. गोळी झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी साफ करून पुन्हा भरता येते, पण ती रायफलीतून उडते आणि गवतात हरवते. ती झेलायला काय घ्यावं, रायफलीलाच अडकवायची जाळीची पिशवी की शेजारी स्टँडवर ठेवायचा डबा, हे त्याचं काही केल्या ठरेना. बाबांची उभी हयात पुण्याच्या दारूगोळा कारखान्यात, पुंगळ्या बनवण्यातच गेलेली. मग काय विचारता!

"पुंगळी तापलेली असते रे, साधं नायलॉन वितळेल," बाबा सांगत होते. "आणि झिप तळाला बघ. पिशवी न काढता रिकामी करता येते."

"अरे हो! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? पॉलिक्लिनिकला मी नेतो, गोळ्या मी आठवणीने देतो, आणि चेहरा खुलतो तो त्याच्यासाठी. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! बरं, चढाओढ तरी कशी करणार? सिंगापुरात रिकामी पुंगळी नुसती खिशात सापडली तरी पोलीस मागे लागायचे.

मग मीही एक प्रश्न शोधून काढला. आमचे कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळतात आणि चिमटे कधीमधी खाली पडतात.

"बाबा, चिमटे झेलायला खिडकीखाली जाळी लावावी म्हणतो. कुठली घेऊ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "चिमटे नीट लावत जा."

"पप्पा, यू गॉट स्कोल्डेड लाह," असं इथल्या इंग्रजीत मला म्हणत माझी लेक खिदळली. मला काही हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा पिशवीच. धाकट्याने एका पिशवीचा फोटो पाठवला, तो बघायला बाबा चष्मा आणायला आत गेले. तिकडे धाकटा रायफलीचं माप घ्यायला टेप शोधत उठला. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर मी एकटाच उरलो. त्याच्या रिकाम्या खुर्चीमागे, गॅरेजच्या भिंतीवर एक काळी जाळीची पिशवी लटकत होती. उन्हाने विटलेली, तळाला झिप असलेली, आत पितळ चमकत होतं.

तो परतला, माझी नजर बघून मागे वळला आणि ओशाळला.

"दादा, बाबांना सांगू नकोस हं. पिशवी जुनीच आहे. पण पुंगळ्यांचं विचारलं की ते बोलतात रे. नाहीतर झोप लागली का, लागली."

तेवढ्यात बाबा चष्मा पुसत आले. मी बाजूला सरकलो.

"हं, कुठे होतो आपण?"

"झिपवर, बाबा," धाकटा म्हणाला.

युक्ती आम्हा दोघांची एकच होती. त्याची चालली, तीही हजारो मैलांवरून, आणि मी शेजारी बसून चिमट्यांवरून बोलणी खाल्ली.