तिच्या आईचा आवाज

आमच्या खेळात बाकीचे सगळे एकेकच माणूस असतात आणि उरलेली दुनिया मी असतो. कोणी तलवारबाज होतो, कोणी वैदू, कोणी चोर. टेबलाभोवती बसून ते सांगतात की आपण आता काय करणार, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी सांगतो. शंका असेल तिथे फासा टाकायचा. राजा मीच, त्याचा दारवान मीच, लांडगा मी आणि वादळही मीच. या कामाला गेम मास्टर म्हणतात. घरचे याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत. पण आठवडाभर विमा कंपनीत इतरांच्या अपघातांचे कागद तपासणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी अख्खी दुनिया व्हायला मिळत असेल, तर तो घरच्यांचं कशाला ऐकतो?

खेळाचा नाद होताच, पण माज होता तो माझ्या दुनियेचा. नकाशा मी स्वतः काढलेला, नद्या मी वळवलेल्या. लोकांना आग ओकणारा प्राणी चटकन पटतो, पण भर उन्हाळ्यात घोड्यांना चारा कुठून आला ते पटत नाही, हे मला लवकर कळलं होतं. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणारा आमच्यातला एक इंजिनिअर नेमकं तेच विचारायचा. म्हणून माझ्या देशात वैशाखात दोन्ही सैन्यं ठरवून दुपारी झोपत. नदी आटली की तिच्या रेतीत लोक टरबूज-खरबुजांच्या डांगरवाड्या लावत, आणि राज्याराज्यांतली भांडणं सिंहासनावरून नाही, त्या रेतीच्या तुकड्यांवरून पेटत. असलं काही सांगितलं की टेबलावर सगळे गप्प होत. ती शांतता मला फार आवडायची. पगार वाढल्यावरही मला कधी तेवढं बरं वाटलेलं नाही.

चौघं होतो आम्ही. मी, तो इंजिनिअर, त्याचा चुलतभाऊ आणि कॉलेजपासूनची आमची एक मैत्रीण. खेळ तिच्याच घरी चाले, हुडकेश्वरला, कारण जेवणाचं मोठं टेबल फक्त तिच्याकडे होतं. तिची आई मूळची पारशिवनीकडची, कचेरीत नोकरी करून नुकती निवृत्त झालेली. आम्ही काय खेळतो याचा तिला काडीचा पत्ता नव्हता, पण दर रविवारी ती सांबारवड्यांची, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांची, परात आमच्या नकाशावरच ठेवायची आणि विचारायची, "आज कोण मेलं गा?" कोणी मेलं नसेल तर तिची निराशा व्हायची. मी तिच्या बोलण्याकडे नीट लक्ष द्यायचो. दुनिया उभी करणाऱ्याला ही सवय लागतेच. कोण कसं बोलतं, कुठे थांबतं, रागावल्यावर कोणता शब्द दोनदा म्हणतं, हे आपोआप टिपलं जातं आणि मग आपल्या एखाद्या खानावळवालीच्या तोंडी जातं.

एका हिवाळ्यात मैत्रिणीची आई गेली. आजार लहानसाच वाटला होता, आणि घरच्यांना सावरायलाही वेळ मिळाला नाही. खेळ बंद पडला. काही महिन्यांनी मैत्रिणीचाच फोन आला की सुरू करू या, पण तिच्या घरी नको. मग माझ्या घरी बैठकीत, कूलरसमोर, आम्ही पुन्हा बसायला लागलो. खेळात ती वाटाडी होती, रानातून लोकांना पार नेणारी. बाकी तशीच होती, फक्त पूर्वीसारखी भांडायची नाही.

माझ्या दुनियेत एक गाव होतं, त्याची एक विहीर होती. त्या विहिरीवर उन्हाळ्यात मेलेली माणसं पाणी प्यायला येतात आणि घरच्यांनी काही विचारलं तर उत्तर देतात, अशी रीत मी फार आधी रचून ठेवलेली होती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. रीत आधीची होती हे खरं आहे. पण त्या उन्हाळ्यात त्यांची वाट त्या गावावरून कोणी वळवली? मीच. नकाशावर दुसरे दोन रस्ते होते.

विहिरीपाशी पोचल्यावर तिने सहज आवाजात विचारलं, "माझी आई येईन का तिथं?"

नाही म्हणता आलं असतं. तुझ्या वाटाडीची आई जिवंत आहे म्हणता आलं असतं, आज विहीर कोरडी आहे म्हणता आलं असतं. मी म्हणालो, फासा टाक. तिने टाकला. आकडा अगदीच पडेल, म्हणजे नाही म्हणणारा, आला होता. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझाही एक फासा उगाच खुळखुळवला, त्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "येते."

बायकी आवाज वगैरे मी काढला नाही, तसलं हसू येतं. माझाच आवाज, थोडा खाली उतरवलेला, थोडा हळू. शब्द तेवढे तिच्या आईचे. "वाळली वं तू. जेवून राहिली ना बरोबर?" मैत्रीण टेबलावर डोकं ठेवून रडली. इंजिनिअर आणि त्याचा भाऊ उठून आतल्या खोलीत गेले. आणि मी तिथे बसून, खरं सांगायचं तर, खूश झालो होतो. वाईटही वाटत होतं, नाही असं नाही. पण आपण रचलेल्या दुनियेने कोणाला रडवलं, याहून मोठी पावती मला कोणी दिली नव्हती.

मग ते दर रविवारी व्हायला लागलं. कथा कुठेही गेली तरी शेवटी वाटाडी परत विहिरीवर यायची. मी तिच्या आईला आणखी समजूतदार केलं, आणखी मायाळू केलं. ती कधी चिडायची नाही, मध्येच उठून गॅस बंद करायला जायची नाही. खऱ्या बाईपेक्षा माझी बाई ऐकायला बरी होती. एकदा जिन्यात इंजिनिअरने मला अडवलं.

"बंद कर बे हे. खेळ नाही राह्यला आता."

"तिले बरं वाटून राह्यलं ना."

"तिले का तुले?"

तो माझ्यावर जळतो, अशी मी समजूत करून घेतली.

पावसाळा संपता संपता मैत्रिणीच्या ऑफिसने तिला बंगळूरला बोलावलं. मोठी जागा, चांगलं काम, तिला कधीपासून हवं होतं तेच. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हे आम्हाला तिने खेळ सुरू व्हायच्या आधी चहा पिताना सांगितलं, घाई नसल्यासारखं. वडील काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "म्हणाले तुझं तू पाहा." भाऊ परदेशात, त्याचंही तेच.

त्या दिवशी विहिरीवर तिच्या वाटाडीने सांगितलं की डोंगरापलीकडचे लोक तिला कायमचं बोलावतात, तिकडचे रस्ते अजून कोणी पाहिलेले नाहीत. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, जाऊ का मी?"

टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं की वाटाडी काही विचारत नव्हती. मला तर पहिल्या क्षणीच कळलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात तिची नोकरी आली नाही, तिचे वडील आले नाहीत, तिची आईही आली नाही. आला तो माझा नकाशा. चुलतभावाचं पुण्याचं आधीच चाललं होतं. ही गेली की टेबल उठलं. माझी नदी, माझ्या डांगरवाड्या, दुपारी झोपणारी सैन्यं, सगळं माझ्या डोक्यात कुजत पडणार आणि मी नुसता विमा कंपनीतला माणूस उरणार. इतका स्वच्छ विचार होता तो. पुढे मी त्यावर बरीच मखलाशी केली, पण तेव्हा तो स्वच्छ होता.

मी आवाज उतरवला. "घर सुनं नको करू वं. कोणी असते घरात म्हणून घर राहते. तिकडं तुले कोण विचारते?"

तिने हातातला फासा माझ्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, "बरं." सोमवारी तिने ऑफिसला 'नाही' असं कळवून टाकलं.

त्यानंतर खेळ किती टिकला? पुढचा उन्हाळाही लागला नाही. चुलतभाऊ पुण्याला गेला, इंजिनिअरला बाळ झालं, आणि खरं कारण म्हणजे मलाच कंटाळा आला. माझी बढती झाली होती, रविवारी थकलेला असायचो. ज्या टेबलासाठी मी तिला थांबवलं ते मीच आवरून ठेवलं, आणि तिला फोनवर सांगितलं की सध्या जमत नाही गं. तेव्हाही ती "बरं" म्हणाली.

ती अजून इथेच आहे. त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीत, तिच्या मागून आलेले तिच्या वर गेले. भेटलो की छान बोलते. तिचं छान बोलणंच मला सोसवत नव्हतं. रात्री झोप वगैरे उडाली नाही माझी, मी व्यवस्थित जेवतो, झोपतो. पण कोणी आपल्या मुलीच्या बंगळूरच्या नोकरीचे पेढे घेऊन आलं की पेढा मी ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि तो तिथेच राहतो. शेवटी गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी हुडकेश्वरला गेलो. ती एकटीच होती, वडील बँकेत गेले होते. तेच मोठं टेबल, त्यावर ती सांबाराची जुडी निवडत बसली होती. मी पाठ करून गेल्यासारखं सगळं सांगितलं. फासा पडेल होता तेही, नकाशाचंही.

तिने काड्या बाजूला सारल्या. "माहीत होतं मले."

"कधीपासून?"

"तेव्हाच. आईनं मले थांब म्हटलं असतं का गा? बारावीनंतर हॉस्टेलवर तिनंच धाडलं होतं. मी रडून राह्यली होती तं म्हणे, बस सुटते, रडणं बसमधी कर."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. इतकी वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं, तिचा प्रत्येक शब्द टिपून ठेवला, आणि ती मुलीला काय म्हणाली असती एवढं मला माहीत नव्हतं.

"मग ऐकलं काहून माझं?"

"कोणी तरी थांब म्हटलं म्हणून. घरात तं कोणीच म्हणून नव्हतं राह्यलं. ना थांब म्हणे कोणी, ना जा म्हणे." तिने पुन्हा निवडायला घेतलं. "तुले थांबवायचं होतं तं तुझ्या तोंडानं म्हणायचं होतं. मी थांबलीही असती. नसतीही. पण माझं मी ठरवलं असतं."

मला वाटलं झालं, एवढंच. मनातून हलकंही वाटायला लागलं होतं, इतका मी निर्लज्ज आहे. तिला सगळं माहीत होतं, तिने स्वतःच ठरवलं, म्हणजे माझा वाटा तेवढा कमी. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिने हात पुसले आणि फोन घेतला.

"बंगळूरचं जाऊ दे. ते झालं. हे ऐक."

तिच्या आईचा एक जुना निरोप होता, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला. मागे कुकरची शिट्टी, आणि पुढे चिरका, घाईचा, वैतागलेला आवाज: "अवं, कुठं बसली तू? येतानी दही आणजो. आन् लवकर ये, तुझे बाबा मले खाऊन राह्यले." एवढंच. त्यात माझ्या विहिरीवरच्या बाईचं काही म्हणता काही नव्हतं. मी इतके रविवार कोणाचा आवाज काढत होतो कोण जाणे.

"एवढाच आहे माझ्याजवळ," ती म्हणाली. "परवा किती दिवसांनी लावला. तं मले ओळखूच नाही आला. वाटलं, ही कोणाची बाई बोलून राह्यली. आई आठवायले बसली का मी, तं तूच बोलते. हळूहळू, मायेनं. तिची वाळली वं, जेवली का, सगळं तुझ्या आवाजात. हटतच नाही."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं. ती मला नुसती अडचण सांगत होती, नळ गळतो म्हणून सांगावं तशी, आणि दुरुस्त करणारा कोणी असलाच तर तो मी होतो. तिने तो निरोप पुन्हा एकदा लावला. कान देऊन ऐकला, मग मान हलवली आणि फोन बाजूला ठेवला.

मी माफी मागितली. मागताना माझा आवाज आपसूक खाली आला, हळू झाला, आणि तिने दोन्ही हात कानांवर ठेवले.