अक्काच्या छातीतला पोर्ट

मंडळी, आज सकाळी आमच्याच तालुक्यातल्या गुंद गावच्या एका ओळखीच्या बाईंना केमोसाठी बेळगावला नेलं होतं. नर्सने त्यांच्या गळ्याच्या हाडाखालच्या उंचवट्यात सुई टोचली आणि सलाईन सुरू झालं. त्याला पोर्ट म्हणतात, कातडीखाली बसवलेली छोटीशी डबी, तिची नळी आत मोठ्या शिरेत जाते. ते बघून मला तिथं बसवेना.

नव्वदच्या दशकात माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, असाच पोर्ट बसवला होता. केमोच्या सुयांनी तिच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. "आता हात तरी सुटलं माझं," ती म्हणाली होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, डोस नसला तरी दर महिन्याला येऊन पोर्ट औषधाने धुऊन घ्या, नाहीतर आत रक्त गोठेल. आमचं गाव कुंभारवाडा, बेळगावपासून लांब, जंगलातलं. पावसाळ्यात रस्ता खचला आणि बस बंद झाली. जवळच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मी असलं कधी बघितलेलं न्हाई. हात लावायला भ्या वाटतंय."

बेळगावला पोचलो तोवर पोर्ट बंद पडला होता. पुन्हा हातात शीर शोधायला लागले, तशी अक्कानं हात पदराखाली घेतला.

"बास झालं, तम्मा. घरी जाऊया." धाकटा भाऊ म्हणून ती मला तम्माच म्हणायची.

मी खूप समजावलं. तिनं ऐकलं नाही. भात कापणीला आलं तेव्हा ती गेली.

आज निघताना नर्सला विचारलं, आमच्या तालुक्यात कुठं पोर्ट धुऊन मिळतो का? "न्हाई, इथंच यायला लागतंय," ती म्हणाली.

पाऊस तोंडावर आलाय. या बाईंसाठी तुमच्यापैकी कुणाला काही मार्ग माहीत आहे का?