मागच्या गेटची वही

मीटरसमोर उभे राहिले की मामा आधी शर्टाचं टोक ओढून काच पुसायचे. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकायचे, आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायचे, वहीत लिहायचे आणि चार पावलं गेले की थबकायचे. "थांबा, परत बगून येतो." तेवढ्यात मीटर काही पळून जाणार नसायचा. पण मामा परत जायचे, परत वाकायचे. आकडा तोच असायचा, आणि तरी मोठं संकट टळल्यासारखा चेहरा करून ते पुढच्या मीटरकडे निघायचे.

गॅस बंद केलाय का ते बघायला निम्म्या वाटेतून परतणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या मामांनी, कामावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे, त्या सवयीवर सगळी नोकरी काढली. कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री आहे, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग ओतण्याचा कारखाना. तिथल्या वीज, पाणी, डिझेल सगळ्याचं रीडिंग रोज सकाळी सातला घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. दरवर्षी साहेब एका कागदावर सही करायचे आणि मामांना आणखी एक वर्ष मिळायचं.

मी तिथं पर्यावरण अधिकारी. परदेशी गिऱ्हाइकाला हल्ली माल नुसता चांगला असून भागत नाही. तो करताना वीज किती खाल्ली, पाणी किती उपसलं, धूर किती सोडला, कचरा किती आणि कुठे टाकला, याचा वर्षाचा अहवाल लागतो. तो मी लिहायची. म्हणजे खरं सांगायचं तर मामा बघायचे आणि मी टाइप करायची.

बसलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. चहा उभ्यानं, डबासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं. एका सहकाऱ्याच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मामा दिसेनात. शोधलं तर कार्यालयामागे जनरेटरपाशी वाकलेले. "ऑइल बदलायची येळ कवाच गेलीया," म्हणाले. "सांगाय पायजे कुणीतरी." कार्यालयाच्या मालकाला गाठून सांगितल्याशिवाय ते पंगतीला आले नाहीत, आणि आले तेव्हा जिलेबी संपली होती.

आमची पहिली खडाजंगी एका रविवारवरून झाली. त्या दिवसाचं पाण्याचं रीडिंग वहीत नव्हतं. मी मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी काढून रकाना भरला. मामांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"रविवारी तुमी आलतासा?"

"नाही मामा. सरासरी घातलीय."

"मग रिकामं ठेवा की."

"रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर घेत नाही."

"मग त्याला सांगा, मामा मुरगूडला सोयरीक बगाय गेलता म्हणून."

मी हसले. ते हसले नाहीत. ज्या आकड्याला कुणी बघितलं नाही तो आकडा त्यांना बघवत नसे. मला हा नुसता हट्ट वाटला होता. मी शिकलेली होते ना.

आता माझ्या शून्याची गोष्ट सांगते. बिडाचा रस ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो. पुन्हा पुन्हा वापरून ती वाळू जळते, काळी पडते आणि शेवटी बाहेर काढावी लागते. आमच्याकडे ती टिपरमधून मागच्या गेटनं जायची. गेटवरच्या रजिस्टरात प्रत्येक खेपेपुढे एकच नोंद, 'भरावासाठी दिली'. लोकांना घरापुढचे, रस्त्याकडचे खड्डे भरायला वाळू हवीच असते. म्हणजे तिचा वापर झाला. म्हणून अहवालातल्या 'टाकून दिलेला घन कचरा' या रकान्यात मी शून्य लिहिलं. गिऱ्हाइकाचं कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी पेढे वाटले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला.

मामांनी पेढा खाल्ला, हात झटकले. "शून्य म्हंजे? टिपर कुठं रिकामा हुतोय ते बगितलं कुणी?"

"रजिस्टरात आहे की मामा."

"रजिस्टर गेटवर हाय. वाळू न्हाय."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. टिपरचा आवाज आला की मी खुर्चीतून उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. मामांचा रोग मला लागला होता. ते तर माझ्यापुढे गेले होते. जेवणाच्या सुट्टीत मोपेड काढायचे आणि टिपरच्या मागोमाग जायचे. असं त्यांनी तीन महिने केलं. मग एका दुपारी माझ्या टेबलावर त्यांनी एक छोटी वही ठेवली. तारीख, खेप, कुठं गेली. मध्येच एखादं शेत, एखादी वीटभट्टी. बाकी पानामागून पान एकच शब्द होता, ओढा.

"थांबा," मी म्हटलं. "मला बघू द्या."

त्यांच्या मोपेडवर मागे बसून मी गेले. वसाहतीच्या मागच्या उतारावर काळी वाळू पायरीपायरीनं पार पाण्यात उतरली होती. पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी म्हशी पाणी पीत होत्या. मला लाज वाटली. माझ्या शून्याचा ढीग माझ्या डोक्याहून उंच होता.

परत येताना मामांनी मोपेड उचगावच्या रस्त्याला घातली आणि आपल्या दारात थांबवली. अंगण सपाट, कडेला तुळस आणि आड. त्यांनी चपलेच्या टोकानं वरची माती उकरली. खाली तीच काळी वाळू.

"बारा वर्सांमागं घर बांधताना मीच मागून आणली. पाच खेपा." ते आडाकडे बघत नव्हते. "त्येच्यानंतर पाण्याची चव बदलली म्हंती मालकीण. मी म्हटलं, मनाचं खेळ."

"पाणी तपासलं नाही?"

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला. "न्हाय. समदी घरातली हेच पाणी पित्यात. बगायचं भ्या वाटलं."

कारखान्यातला प्रत्येक मीटर दोनदा बघणाऱ्या माणसानं आपल्या दारातल्या आडाकडे बारा वर्षं पाठ फिरवली होती. मला त्यांचा राग आला आणि त्यापेक्षा जास्त माया आली. मलाही ते शून्य बघायचं नव्हतंच की.

नव्या अहवालाची वेळ आली. मामांच्या कागदावर सही व्हायची तीही त्याच महिन्यात. मी त्यांना सांगितलं, "ही वही पुरावा म्हणून जोडावी लागेल. खाली तुमची सही लागेल. साहेब चिडले तर?"

मामा पेन घेऊन वाकले आणि थांबले. "थांबा, परत बगून येतो." मागच्या गेटवर गेले, घामाघूम होऊन परतले. "आताची बी ओढ्यालाच गेली," म्हणाले, आणि सही केली.

साहेबांनी वही चाळली. चेहरा उतरला. "हे कुणी बघितलं?"

मी ओढ्यावर गेले होते. माझ्या सँडलला ती वाळू अजून चिकटलेली होती. आणि मी म्हणाले, "मामांनी."

त्यात खोटं काही नव्हतं. पण माझं नाव त्यात नव्हतं, आणि ते मी मुद्दाम गाळलं होतं. पुढे काय होणार ते ठाऊक असूनही मी मूग गिळून बसले. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

साहेबांनी अहवाल अडवला नाही, हे त्यांचं श्रेय. शून्य गेलं, खरा आकडा गेला. गिऱ्हाईक तुटलं नाही, त्यानं वाळूचं पुढे काय करणार एवढं लेखी मागितलं. आता टिपर ओढ्याकडे वळत नाहीत. पण मामांच्या कागदावर सही झाली नाही. मीटर थेट कॉम्प्युटरला जोडणार, मग रीडिंगला माणूस कशाला, असं कारण निघालं.

शेवटच्या दिवशी मामा सगळ्या मीटरांवरून फिरले. निरोपाची खुर्ची मांडली होती, त्यावर बसलेच नाहीत. जाताना माझ्या हातात पाण्यानं भरलेली बाटली दिली. वर चिकटवलेल्या कागदावर तारीख, वेळ आणि 'आड, उचगाव'.

"कारखान्याच्या पाण्यासंगं हे बी तपासाय पाठवा."

निकाल आला तो घेऊन मीच उचगावला गेले. मामींनी चहा टाकला. मामांनी कागद उभ्यानंच वाचला. पाणी पिण्यास योग्य नाही. वाळूमुळे की आणखी कशानं, हे त्यात नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे दिला, फाटकापर्यंत गेले, परत आले.

"थांबा, परत बगतो."

आकडा तोच होता. या वेळी संकट टळलं नव्हतं. मामा पायरीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

"मामा, तुमच्या कागदावर सही झाली नाही त्याला कारण मीच आहे," मी म्हटलं. "मीही बघितलं होतं. साहेबांना सांगितलं नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले. "वहीखाली सही माझी एकट्याचीच हुती की." मग म्हणाले, "पोरी, हितल्या पाच खेपा तुझ्या अव्हालात घाल."

"त्या जुन्या आहेत मामा. बारा वर्षं झाली."

"मग वाळू गेली व्हय तितनं?"

आडावर त्यांनी पत्रा टाकला आणि दोघं मुरगूडला मुलीकडे राहायला गेली. घराला कुलूप आहे. कारखान्यात मीटरचे आकडे आपोआप स्क्रीनवर येतात. त्यांची काच कुणी पुसत नाही.

यंदाच्या अहवालात जुन्या खेपांसाठी रकाना नव्हता. मी शेवटी एक पान जोडलं. गेल्या वर्षांत भरावासाठी कुठे कुठे वाळू दिली त्याची यादी, मला सापडली तेवढी. सुट्टीच्या दिवशी हिंडून, दारोदार विचारून केलेली. पहिली ओळ, 'उचगाव, घराचं अंगण, पाच खेपा, शेजारी आड'. सगळ्या आडांचं पाणी कंपनीनं तपासून द्यावं, अशी खाली शिफारस.

साहेबांनी ते पान पुन्हा पुन्हा उलटसुलट केलं. खाली कुणाचीच सही दिसेना तेव्हा वर बघितलं.

"हे कुणी बघितलं?"

मी त्यांच्या हातातून पान घेतलं आणि सही केली.

"मी," म्हणाले. "दोनदा."